स्टीलचे पाइप फ्लेंज कसे ओळखावे, कसे निवडावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावचं उद्यमबाग, मच्छे, होनगा, तिकडे संकेश्वर-चिकोडी पट्ट्यातले साखर कारखाने, निपाणीकडची छोटी बॉयलर असलेली युनिट्स. या भागातले खरेदी विभाग, फॅब्रिकेटर आणि मेंटेनन्सचे फिटर यांच्याकडून फ्लेंजबद्दल (पाइप, पंप, व्हॉल्व्ह एकमेकांना बोल्टने जोडणाऱ्या भोकांच्या चकत्यांबद्दल) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ऑफ सीझनला एप्रिल-मेमध्ये लाइन उघडल्या की हे प्रश्न सुरू होतात आणि बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख जवळ आली की त्यांचा सूर बदलतो. म्हणून वेळ आहे तेव्हाच वाचलेलं बरं.

‘चार इंची फ्लेंज पाठवा’ एवढं सांगून भागत नाही का?

नाही. चार इंच हे पाइपचं माप झालं. त्या पाइपवर बसणारे फ्लेंज अनेक प्रकारचे असतात आणि ते एकमेकांना जुळतीलच असं नाही. आपल्या भागात रोज दिसणारे पाच प्रकार पाहा.

अमेरिकन एएसएमई बी१६.५ क्लास १५०: बाहेरचा व्यास २३० मिमी, पीसीडी (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १९०.५ मिमी, ८ भोकं, पाच सुती (५/८ इंची) बोल्ट.
तोच क्लास ३००: व्यास २५५, पीसीडी २००, ८ भोकं, सहा सुती बोल्ट.
युरोपियन ईएन १०९२-१, पीएन १६: व्यास २२०, पीसीडी १८०, ८ भोकं, एम १६ बोल्ट.
जुन्या ब्रिटिश बीएस १० चं टेबल ई: व्यास साडेआठ इंच म्हणजे सुमारे २१६ मिमी, पीसीडी सात इंच म्हणजे १७७.८, ८ भोकं.
टेबल डी: व्यास आणि पीसीडी टेबल ई चाच, पण भोकं फक्त ४.

आता पीएन १६ आणि टेबल ई यांच्या पीसीडीतला फरक बघा, जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. भोकांत जी मोकळीक असते तिच्यामुळे बोल्ट आत जातो, आणि ‘बसला की!’ म्हणून काम पुढे सरकतं. जाडी वेगळी, तोंड वेगळं, दाबाची क्षमता वेगळी, हे नंतर लाइन चालू झाल्यावर कळतं. क्लास १५० आणि पीएन १६ मध्ये निदान बोल्टच जात नाही, त्यामुळे तिथे घोळ लगेच उघडा पडतो. खरा धोका जवळपास जुळणाऱ्या जोड्यांमध्ये आहे.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: समोर काय आहे? पंपाचा, व्हॉल्व्हचा किंवा जुन्या लाइनचा जो फ्लेंज समोर उभा आहे, तो नवीन फ्लेंज कोणता ते ठरवतो. दुकानदार ते ठरवू शकत नाही.

समोरच्या फ्लेंजवर काहीच मार्किंग नाही. ओळखायचा कसा?

आधी वायर ब्रश मारा. रंगाच्या चार थरांखाली मार्किंग असतंच, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. मानकाप्रमाणे बनवलेल्या फ्लेंजच्या कडेवर बनवणाऱ्याचं चिन्ह, माप, क्लास, मटेरियल आणि हीट नंबर (स्टीलच्या वितळणीचा क्रमांक) ठोकलेला असतो.

तरीही काही सापडलं नाही तर मोजा. बाहेरचा व्यास, भोकांची संख्या, भोकाचा व्यास, जाडी आणि पीसीडी. भोकं नेहमी चारच्या पटीत असतात, त्यामुळे प्रत्येक भोकाच्या बरोबर समोर दुसरं भोक असतं. मधल्या केंद्राचा अंदाज घेत बसू नका. एका भोकाच्या आतल्या काठापासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या काठापर्यंत टेप लावा. तोच पीसीडी.

यंत्र कुठून आलं यावरूनही बराच अंदाज येतो. जुन्या साखर कारखान्यांत रसाच्या, व्हेपरच्या आणि मळीच्या लाइनवर टेबल डी, ई, एफ अजूनही भरपूर आहेत. बीएस १० हे मानक केव्हाच मागे पडलं, पण त्यानुसार ओतलेले व्हॉल्व्ह अजून सेवेत आहेत. युरोपियन पंप, डेअरीची यंत्रं, सेपरेटर असेल तर पीएन असण्याची शक्यता जास्त. नवीन बॉयलर, ऑइल लाइन, केमिकल प्लांट असेल तर बहुधा एएसएमई. आपल्या भारतीय मानकात स्टील पाइप फ्लेंजसाठी आयएस ६३९२ आहे. जुन्या ड्रॉइंगमध्ये तो उल्लेख दिसला तर तो पीएन पद्धतीच्या कुळातला आहे असं धरून तपासा.

दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तीन इंची क्लास १५० ला ४ भोकं असतात, तर ८० मिमी पीएन १६ ला ८. आणि पीएन १० व पीएन १६ ची भोकं १५० मिमीपर्यंत सारखीच असतात. २०० मिमीला मात्र पीसीडी तोच राहून पीएन १० ला ८ आणि पीएन १६ ला १२ भोकं होतात. पाण्याच्या लाइनवर इथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

क्लास १५० म्हणजे १५० पाउंड दाब सहन करणारा ना?

हा गैरसमज इतका पसरला आहे की बिलांवरसुद्धा ‘१५० पाउंड’ लिहितात. लिहा, हरकत नाही, पण दाब त्यावरून ठरवू नका. क्लास हा नुसता एक क्रमांक आहे. किती दाब चालेल हे मटेरियल आणि तापमान दोन्ही मिळून ठरवतात.

नेहमीच्या ए१०५ फोर्ज्ड कार्बन स्टीलचे आकडे असे. क्लास १५० चा फ्लेंज ३८ अंश सेल्सिअसला १९.६ बार घेतो, १०० अंशांना १७.७, २०० अंशांना १३.८, ३०० अंशांना १०.२ आणि ४०० अंशांना फक्त ६.५ बार. क्लास ३०० हाच ३८ अंशांना ५१.१, २०० अंशांना ४३.८ आणि ४०० अंशांना ३४.७ बार घेतो.

आता आपल्याकडच्या पॅकेज बॉयलरवर हे लावून बघू. १०.५ किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) दाबाची संपृक्त वाफ सुमारे १८५ अंशांची असते. त्या तापमानाला क्लास १५० ची क्षमता १४ बारच्या आसपास आहे, म्हणजे चालतो. १७.५ किलोचा बॉयलर घ्या. वाफ साधारण २०७ अंशांची, आणि क्लास १५० ची क्षमता तिथे साडेतेरा बारपर्यंत खाली आलेली. हा बसत नाही. तिथे क्लास ३०० च लागतो. थंड पाण्यावर टेस्ट घेताना क्लास १५० ची लाइन ३० बारपर्यंत टेस्ट होते, त्यामुळे ‘टेस्टला तर नीट धरलं’ हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. टेस्ट थंड असते, वाफ गरम.

पीएन चं नाव दाबाशी जास्त प्रामाणिक आहे. पीएन १६ म्हणजे साध्या तापमानाला १६ बार. पण तापमान वाढलं की तोही खाली येतोच.

सहवीज प्रकल्पाच्या मुख्य वाफेच्या लाइनला कोणता क्लास?

६७ किंवा ८७ किलो दाब आणि ४८५ ते ५१५ अंश तापमान असलं की ए१०५ चा विचारच सोडा. कार्बन स्टील ४२५ अंशांच्या वर दीर्घकाळ वापरलं तर त्यातल्या कार्बनचं ग्राफाइट होऊ लागतं आणि ते ठिसूळ होतं. तिथे एफ११, एफ२२ अशी क्रोम-मॉली मिश्रधातूची फोर्जिंग लागतात आणि क्लास ९०० किंवा १५०० पर्यंत जावं लागतं. शिवाय अशा लाइनवर शक्य तिथे फ्लेंज न टाकता बट वेल्डिंगच करतात. हे काम डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरचं, दुकानात बसून ठरवण्याचं नाही.

स्लिप-ऑन घ्यावा की वेल्ड नेक?

स्लिप-ऑन पाइपवर सरकवतात आणि आतून-बाहेरून दोन फिलेट वेल्ड मारतात. स्वस्त आहे, पाइप थोडा कमी-जास्त कापला गेला तरी सांभाळून घेतो, आणि आपल्या बहुतेक वेल्डरच्या हाताला त्याची सवय आहे. पाणी, हवा, कमी दाबाची वाफ, रस, मळी यांना तो पुरेसा आहे. आतला वेल्ड मात्र टाळू नका. ‘बाहेरून भरपूर मारलंय’ म्हणून आतला सोडून देणं ही आपल्या शॉपमधली जुनी खोड आहे. त्या फटीत पाणी साचतं आणि गंज आतून खातो.

वेल्ड नेकला लांब निमुळती मान असते आणि ती पाइपला बट वेल्ड होते. वेल्डचा एक्स-रे काढता येतो, ताण मानेतून हळूहळू पाइपात जातो, आणि दाब-तापमान सारखं वर-खाली होणाऱ्या लाइनवर तो कितीतरी जास्त टिकतो. क्लास ३०० आणि वर, वाफेचा मेन हेडर, थरथरणाऱ्या पंपाची डिलिव्हरी, या ठिकाणी पैसे वाचवू नका. घेताना पाइपचं शेड्यूल (भिंतीच्या जाडीचा क्रमांक) सांगायलाच हवं, कारण मानेचं भोक पाइपच्या आतल्या व्यासाशी जुळलं पाहिजे. चार इंची शेड्यूल ४० ची जाडी ६.०२ मिमी आणि शेड्यूल ८० ची ८.५६ मिमी. शेड्यूल न सांगता आलेला वेल्ड नेक म्हणजे लेथवर एक जादा फेरी.

बाकीचे थोडक्यात. दोन इंचांच्या आतल्या लाइनला सॉकेट वेल्ड चांगला, फक्त पाइप आत टेकवून मग सुमारे दीड मिलिमीटर मागे घ्यायचा, नाहीतर गरम झाल्यावर वेल्ड तडकतो. गॅल्व्हनाइज्ड लाइनला थ्रेडेड. लाइनचं टोक बंद करायला ब्लाइंड. लॅप जॉइंटला स्टेनलेसचा स्टब एंड (पाइपला वेल्ड होणारा कॉलरचा तुकडा) आणि मागे साध्या स्टीलची रिंग, म्हणजे स्टेनलेसचा खर्च कमी आणि भोकं जुळवायला फ्लेंज फिरवताही येतो.

सहा इंची पाइपवर फ्लेंज सैल बसतो. फ्लेंज चुकीचा बनवलाय का?

बहुतेक वेळा नाही. पाइप वेगळ्या मानकाचा आहे. आयएस १२३९ च्या १५० मिमी पाइपचा बाहेरचा व्यास १६५.१ मिमी आहे, आणि एएसएमईच्या सहा इंची पाइपचा १६८.३. बी१६.५ च्या स्लिप-ऑनचं भोक दुसऱ्याला धरून सुमारे १७०.७ ठेवलेलं असतं. म्हणजे ‘सी क्लास’ (आयएस १२३९ चा जाड प्रकार) पाइपवर तो साडेपाच मिलिमीटर सैल पडणारच. पाच इंचालाही असाच फरक आहे, १३९.७ आणि १४१.३. चार इंचाला दोन्हीकडे ११४.३ असल्यामुळे तिथे कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय सोपा आहे. ऑर्डरमध्ये पाइपचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहा आणि भोक त्याप्रमाणे मागवा. फट वेल्डने भरून काढायची नाही.

रेज्ड फेस आणि फ्लॅट फेस यांत एवढं काय?

रेज्ड फेसमध्ये पॅकिंग बसतं तो मधला भाग थोडा वर असतो. क्लास १५० आणि ३०० ला साधारण दोन मिलिमीटर, त्यावरच्या क्लासला सात. त्यावर बारीक वर्तुळाकार रेघा असतात, खरखरीतपणा ३.२ ते ६.३ मायक्रॉन. नव्या फ्लेंजवर या रेघा दिसल्या की काही जण तो लेथवर पाठवून गुळगुळीत करून आणतात. कृपया करू नका. पॅकिंगला धरून ठेवायलाच त्या ठेवलेल्या असतात.

बीडाच्या पंपाला किंवा व्हॉल्व्हला मात्र फ्लॅट फेसच लावा आणि पॅकिंगही भोकांसकट पूर्ण तोंडाचं घ्या. आपल्याकडच्या फौंड्रीतून निघणारे बरेच पंप आणि व्हॉल्व्ह बीडाचे असतात. त्यांच्या फ्लेंजसमोर स्टीलचा रेज्ड फेस आला की बोल्ट आवळताना बाहेरची कड ओढली जाते. स्टील वाकतं, बीड वाकत नाही. ते फुटतं, आणि अख्खी बॉडी बदलावी लागते. स्टीलच्या फ्लेंजचा उंचवटा लेथवर काढून टाकला की काम झालं.

पॅकिंग कोणतं वापरायचं?

थंड पाण्याला रबर. कमी दाबाच्या वाफेला चांगल्या प्रतीचं नॉन-अॅस्बेस्टॉस शीट. क्लास ३०० आणि त्यापुढे, किंवा गळती परवडणारच नाही अशा वाफेच्या लाइनवर स्पायरल वूंड (धातूची पट्टी आणि भरणी गुंडाळून केलेलं पॅकिंग). स्पायरल वूंडच्या बाहेरच्या रिंगच्या कडेचा रंग आतल्या धातूच्या पट्टीचा असतो, पिवळा म्हणजे ३०४ आणि हिरवा म्हणजे ३१६ एल. कडेवरचे तुटक पट्टे भरणीचे, करडे ग्राफाइटचे आणि पांढरे टेफ्लॉनचे. रिंगचा बाहेरचा व्यास क्लासप्रमाणे बदलतो, त्यामुळे १५० चं पॅकिंग ३०० मध्ये मध्यभागी राहत नाही.

जाड पॅकिंग म्हणजे जास्त सुरक्षित, हे खरं नाही. तोंडं सरळ असतील तर दीड मिलिमीटर शीट तीन मिलिमीटरपेक्षा चांगली धरते. आणि उघडलेलं पॅकिंग पुन्हा वापरू नका, ते कितीही चांगलं दिसत असलं तरी.

बोल्टांचं काय? कोणतेही एमएसचे चालतील?

पाण्याच्या लाइनला चालतात. वाफेला, विशेषतः क्लास ३०० च्या पुढे, ए१९३ बी७ चे स्टड आणि ए१९४ २एच चे नट घ्या. स्टडच्या टोकावर आणि नटाच्या तोंडावर हे ठोकलेलं असतं, ते वाचा. एएसएमई फ्लेंजची भोकं इंची बोल्टांसाठी आहेत आणि पीएन ची मेट्रिकसाठी. पाच सुती आणि एम १६ हातात सारखेच वाटतात, पण आटे वेगळे आहेत. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. मग पान्याला पाइप लावून जोर काढतात आणि आटे जातात.

आवळताना एका बाजूने गोल फिरत जाऊ नका. समोरासमोर, ताऱ्यासारखं. पहिली फेरी तीस टक्के जोराने, दुसरी सत्तर, तिसरी पूर्ण, आणि शेवटी एक फेरी गोल. पाइप ओढून, चेन पुली लावून फ्लेंज जुळवायची वेळ आली तर थांबा. पाइपिंगच्या बी३१.३ मानकाप्रमाणे दोन तोंडांतला तिरकसपणा दर २०० मिमीला १ मिमीच्या आत आणि भोकांचा फरक ३ मिमीच्या आत हवा. आडव्या लाइनवर फ्लेंज टॅक करताना वरच्या मध्यरेषेवर भोक येऊ देऊ नका, दोन भोकांच्या मधोमध रेषा आली पाहिजे. व्हॉल्व्ह सरळ उभे राहतात ते यामुळे.

प्लेट कापून केलेले फ्लेंज निम्म्या किमतीत मिळतात. का घेऊ नयेत?

घ्या, पण कुठे ते ठरवून. टाकीचं नोझल, कमी दाबाचं पाणी, व्हॅक्यूम लाइन, मळी, डक्ट, इथे आयएस २०६२ प्लेटचे फ्लेंज वर्षानुवर्षं नीट चालत आले आहेत. वाफेवर नको. प्लेट रोल होताना तिच्यात थर पडू शकतात, आणि तो थर बोल्टाच्या ओढीने उघडतो. बी१६.५ मानकातही प्लेटमधून फक्त ब्लाइंड आणि बिनमानेचे काही रिड्युसिंग फ्लेंज करायला परवानगी आहे. बाकी सगळे फोर्ज्ड किंवा ओतलेले. त्यामुळे ‘प्लेटचा स्लिप-ऑन, पण बी१६.५ प्रमाणे’ असं कुणी सांगितलं तर भोकं त्या मापाची आहेत एवढाच त्याचा अर्थ घ्या. खऱ्या स्लिप-ऑनला मागे छोटी मान असते. मागची बाजू सपाट असेल तर तो प्लेटचाच समजा.

आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) कधी लागतं आणि कागद कोणते मागायचे?

वाफेच्या पाइपमधला दाब ३.५ किलोच्या वर असेल किंवा आतला व्यास २५४ मिमीच्या वर असून दाब १ किलोच्या वर असेल, तर ती लाइन बॉयलर कायद्याखाली येते. मग पाइपसाठी फॉर्म ३-ए आणि फ्लेंज, फिटिंगसाठी फॉर्म ३-सी लागतो. हे नियम केंद्राचे आहेत, म्हणून कोल्हापूर किंवा मुंबईहून घेतलेल्या मालाचा फॉर्म कर्नाटकातही ग्राह्य धरतात. तपासणी मात्र इथल्या बॉयलर खात्याची. फॉर्मवरचा हीट नंबर आणि फ्लेंजवर ठोकलेला नंबर एकच आहे हे माल उतरवताना बघा. निरीक्षक आल्यावर बघण्यात अर्थ नाही.

आयबीआर नसलेल्या कामालाही मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा, ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ प्रकारचं. त्यात ए१०५ साठी ताणशक्ती किमान ४८५ मेगापास्कल आणि कार्बन कमाल ०.३५ टक्के दिसायला हवं.

स्टेनलेसचा फ्लेंज जास्त मजबूत असतो ना?

गंजाला, हो. दाबाला, नाही. क्लास १५० मध्ये ए१०५ साध्या तापमानाला १९.६ बार घेतो, ३१६ हा १९ आणि ३१६ एल फक्त १५.९. लोहचुंबक लावून ग्रेड ठरवू नका. ३०४ आणि ३१६ दोन्हींना ते सहसा चिकटत नाही, त्यामुळे फरक कळत नाही. महागडी ऑर्डर असेल तर पीएमआय (धातूची ग्रेड ओळखणाऱ्या) यंत्राने तपासून घ्या.

उपसा जलसिंचनाच्या मोठ्या लाइनला कोणते फ्लेंज?

चोवीस इंचांपर्यंत बी१६.५ चालतं. त्यापुढे सव्वीस ते साठ इंचांसाठी बी१६.४७ आहे, आणि त्यात सिरीज ए आणि सिरीज बी असे दोन प्रकार आहेत, जे एकमेकांना जुळत नाहीत. बहुतेक उपसा योजनांत मात्र आयएस ३५८९ चा पाइप आणि ड्रॉइंगप्रमाणे ड्रिल केलेले प्लेट फ्लेंज असतात. तिथे पंप आणि व्हॉल्व्हचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय ड्रिलिंग करू नका.

कोटेशनसाठी काय लिहून पाठवायचं?

असं: ‘स्लिप-ऑन फ्लेंज, चार इंच, एएसएमई बी१६.५, क्लास १५०, रेज्ड फेस, ए१०५ फोर्ज्ड, पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, आयबीआर फॉर्म ३-सी सह, २४ नग.’ वेल्ड नेक असेल तर शेड्यूल जोडा. जुना फ्लेंज जुळवायचा असेल तर व्यास, पीसीडी, भोकांची संख्या आणि भोकाचा व्यास लिहा, शक्य असेल तर टेप लावलेला फोटो पाठवा.

भाव किलोवर आहे की नगावर, हे विचारून घ्या. कोल्हापूरहून माल आला तर आयजीएसटी, बेळगाव-हुबळीतून घेतला तर सीजीएसटी-एसजीएसटी. क्रेडिट दोन्हीचं मिळतं, त्यामुळे राज्याच्या सीमेवरून भावात फरक पडत नाही, वाहतुकीत पडतो. क्लास १५० आणि ३०० चे नेहमीचे माप जवळपास मिळतात. क्लास ६०० च्या पुढचे, मिश्रधातूचे किंवा टेबल एफ, टेबल एच मागायचे असतील तर मुंबईच्या सी. पी. टँक-खेतवाडीकडे चौकशी करावी लागते किंवा बनवून घ्यावे लागतात. त्याला आठवडे जातात, तेव्हा ही यादी लाइन उघडल्या उघडल्या काढा.